मी तो नाही

समुद्रात असताना त्या बेटाचं नाव घ्यायचं नसतं.
बाल्थासार नुसती हनुवटी पुढे करतो : तिथं.
इंजिनाला दोरीचे तीन हिसके, चौथ्याला एक शिवी,
मग ते खोकत खोकत चालू होतं
आणि काई बेटांचा किनारा मागे सरकतो,
वाळत टाकलेल्या लुंग्या-झग्यांसकट.

मी अंबोनच्या कचेरीतून आलेला,
कासवांची घरटी मोजायला.
मांडीवर वही, पेन प्लॅस्टिकच्या पिशवीत,
खिशात एक कोरी आगपेटी.
ती सरकारी यादीत नव्हती.
निघताना बाल्थासारच्या बायकोनं मुठीत कोंबली,
"लागेल," एवढंच म्हणाली
आणि मासळी खारवायला वळली.

गोष्ट त्यानं वाटेत सांगितली, इंजिनाच्या वर ओरडून,
त्यामुळे निम्मी मी अंदाजानं ऐकली.
बहीण-भाऊ. होडी फुटून इथं लागलेले.
रात्री ती कुडकुडायला लागली
तेव्हा भाऊ म्हणाला, विस्तव घेऊन येतो, बस इथंच,
आणि ओंडक्यावर पोटावर पडून वल्हवत गेला.
ती बसली.

"केव्हाची गोष्ट?"
"माझ्या आजोबांना सांगितली तेव्हाच जुनी होती."

म्हणून बेटाला लागण्याआधी इंजिन बंद करायचं,
घोटाभर पाण्यात उभं राहायचं
आणि झाडांकडे तोंड करून आपलं नाव सांगायचं,
पूर्ण, आडनावासकट.
वर म्हणायचं : मी तो नाही.
उगाच तिला आशा नको.

मी म्हटलं. हसू दाबून म्हटलं.
हेंड्रिक लातुहेरू. मी तो नाही.
केवड्याच्या बनातून एक बगळा उठला
आणि मला कुणीतरी उठून परत बसल्यासारखं वाटलं.
ऊन फार होतं, हेही खरं.

बाल्थासार माझ्या मागे, मनगटाला दोर गुंडाळून.
"बाल्थासार रेनवारीन," तो म्हणाला.
पुढचं वाक्य येईना.
भरतीचं पाणी घोट्यावरून पिंढरीवर चढलं
तेव्हा कुठे ते आलं, तेही इतकं हळू
की बेटापर्यंत पोचलं असेल असं नाही.

बेट एवढंसं. एक लवंगी सिगारेट संपेस्तोवर फेरी पुरी.
मधोमध एक काळा, पोक काढलेला खडक,
त्याच्या वळचणीला आगपेट्यांचा ढीग :
फुगलेल्या, चित्रं धुऊन गेलेल्या, काहींचा नुसता लगदा,
चार लायटर, गंजलेला कंदील,
आणि कुणा पोरानं ठेवलेली सेल नसलेली बॅटरी.
मी माझी काडी ओढणार, तर त्यानं हात धरला.
"ठेवायची फक्त. पेटवणं त्याचं काम."

घरटी सतरा. तीन घोरपडींनी उकरलेली.
अंड्यांची टरफलं, पिळून टाकलेल्या मऊ कागदासारखी.
मनुष्यवस्ती : या रकान्याशी पेन जरा रेंगाळलं,
मग मी रेघ मारली.

परतताना त्यानं आपण होऊन सांगितलं.
थोरला, ओसियास. ट्यूनाच्या जहाजावर गेला, अकरा वर्षं झाली.
कंपनीनं तीन महिन्यांचा पगार पाठवला
आणि एक पत्र, कुठल्या भाषेत कोण जाणे,
पाद्रीबाबांनाही लागलं नाही.
एवढं बोलून तो होडीतलं पाणी उपसायला लागला.
फारसं पाणी नव्हतं.

गावाचा धक्का दिसायला लागला. अजून उजेड होता,
तरी धक्क्याच्या टोकाला एक कंदील पेटलेला,
त्याच्या शेजारी एक म्हातारी.
इंजिनाचा आवाज ऐकून ती उठून उभी राहिली,
एक हात कपाळावर.

बाल्थासारनं लगेच इंजिन बंद केलं,
धक्का बराच लांब होता तरी,
आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला :
"आई, मी बाल्थासार!"

ती परत बसली.

आम्ही लागलो तेव्हा तिनं कंदील माझ्या तोंडापाशी आणला.
"आणि हा कोण?"
मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.
पुढचं वाक्य आपसूक जिभेवर आलं होतं,
ते गिळलं.